निबंधलेखन आणि व्याकरण, मराठी

निबंधलेखन : एका विषयासंबंधी निश्चित भूमिका घेऊन ती कारणांनी व उदाहरणांनी वाचकाला पटवून देणारे गद्यलेखन. शाळेत वर्णनात्मक, आत्मवृत्तात्मक, कल्पनाप्रधान व वैचारिक असे त्याचे प्रकार गिरवले जातात. महाविद्यालयात मुख्यतः वैचारिक निबंधाशीच गाठ पडते आणि विद्यार्थ्याची खरी अडचण तेथेच सुरू होते. नदीचे आत्मवृत्त चार सुभाषिते आणि अलंकार यांवर निभावून जाते, पण वैचारिक निबंधाचे तसे होत नाही. त्यात वाक्य डळमळले की विचारही डळमळतो, म्हणून व्याकरणाचा विचार निबंधापासून वेगळा काढता येत नाही.

या लेखनाची साधने एकोणिसाव्या शतकात तयार झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली छापले गेले. मोडी लिपीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, पोथ्यांतही दंडापलीकडे फारशी चिन्हे नसत. छापील गद्याला स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह यांची गरज पडली तेव्हा मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून त्यांची ओळख करून दिली. ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून १८४८ पासून आलेल्या लोकहितवादींच्या पत्रांनी सामाजिक प्रश्नांवर थेट बोलणारे छोटेखानी गद्य रुजवले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्या ८४ अंकांतून प्रतिपक्षाचे म्हणणे मांडून ते खोडण्याची विस्तृत पद्धत घडवली. त्यांची लोकहितवादींवरील व जोतीराव फुल्यांवरील टीका आज अनेकांना अन्यायाची वाटते, तरी युक्तिवाद कसा रचतात हे पाहण्यासाठी ती वाचावीच. तिच्याच शेजारी गोपाळ गणेश आगरकरांचे ‘सुधारक’मधील लेख ठेवावेत. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्याइतका तपशील नंतरच्या थोड्याच व्याकरणांत सापडतो.

निबंधाला विषय पुरत नाही, त्याला विधान लागते. ‘महाराष्ट्रातील पाणीप्रश्न’ हा विषय आहे. त्यावर कोणी काहीही लिहू शकतो, आणि लिहितोही. ‘हिवरेबाजारसारखा पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडल्याशिवाय गावाने पीकपद्धती ठरवू नये’ हे विधान आहे. ते मान्य करता येते, नाकारता येते, त्याला पुरावा मागता येतो. विधान ठरले की काय गाळायचे तेही ठरते. जलप्रदूषणाची माहिती कितीही रंजक असली तरी या निबंधात ती उपरीच राहील. विरुद्ध बाजूची सर्वांत भक्कम हरकत निबंधात घ्यावी: ज्या गावात एकी नाही, तेथे ताळेबंद पाळायचा कोणी? अशा प्रश्नाला उत्तर देणारा परिच्छेद बहुधा निबंधातला सर्वांत चांगला परिच्छेद ठरतो. परिच्छेद म्हणजे एका मुद्द्याची पूर्ण मांडणी. त्याचे मुख्य वाक्य आरंभी असावे असे सांगतात. ते शेवटी आले तरी चालते, फक्त एका परिच्छेदात दोन मुख्य वाक्ये नसावीत.

वाक्याच्या पातळीवर मराठीचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे प्रयोग, म्हणजेच कर्ता, कर्म व क्रियापद यांचा परस्परसंबंध. ‘ती पत्र लिहिते’ यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. हा कर्तरी प्रयोग. भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद बहुधा कर्माकडे वळते: ‘तिने पत्र लिहिले’, ‘तिने कविता लिहिली’, ‘तिने लेख लिहिला’. हा कर्मणी. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कोणाचेच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते: ‘शिपायाने चोराला पकडले’, ‘शिपायांनी चोरांना पकडले’. हा भावे. यालाही अपवाद आहेत. बोलणे, शिकणे, विसरणे, पिणे ही क्रियापदे कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याबरोबर राहतात. ‘मी धडा शिकलो’, ‘ती चहा प्याली’ असेच म्हणावे लागते. बोलताना हे सारे आपोआप जमते. लिहिताना मात्र कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दहा-बारा शब्द शिरतात आणि मेळ सुटतो: ‘सरकारने ग्रामीण भागातील मुलींच्या शिक्षणासाठी अनेक योजना आखले.’ येथे ‘आखल्या’ हवे. मुलाला नियम ठाऊक नसतो असे नाही. वाक्य संपेपर्यंत कर्म कोणते होते, ते त्याच्या लक्षातून गेलेले असते.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्यात वाचक शेवटपर्यंत ताटकळतो. म्हणून केवल, मिश्र आणि संयुक्त या वाक्यप्रकारांची निवड जाणीवपूर्वक करावी. कारण किंवा अट सांगायची असेल तर ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘ज्या–त्या’ अशा जोड्यांचे मिश्र वाक्य उपयोगी पडते, पण जोडीतला दुसरा शब्द विसरू नये. ‘ऊन’ प्रत्ययाच्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणतः एकच असतो. ‘पाऊस थांबून आम्ही निघालो’ हे वाक्य म्हणूनच खटकते. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे सरळ आहे. ‘समितीकडून निर्णय घेण्यात आला’ ही कार्यालयीन धाटणी निबंधात शक्यतो टाळावी. ‘समितीने निर्णय घेतला’ म्हटल्याने जबाबदारी कोणाची तेही कळते. कर्ता अज्ञात असेल किंवा गौण असेल तेव्हाच पहिली रचना रास्त.

सर्वनामाची निवडही अर्थ बदलते. ‘आपण’मध्ये वाचक येतो, ‘आम्ही’मध्ये येत नाही. चिपळूणकरांच्या काळी संपादक स्वतःला ‘आम्ही’ म्हणत. आजच्या विद्यार्थ्याने ‘मी’ लिहायला संकोचू नये. स्वतःचे मत ‘असे म्हटले जाते’च्या आड लपवू नये.

लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. त्यांतील १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. उच्चारात नसलेले अनुस्वार यांमुळे गेले. ‘नांव’, ‘पांच’ यांऐवजी ‘नाव’, ‘पाच’ आले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून ‘कवी’ आणि ‘गुरू’. पण समासात आधी आल्यास ‘कविसंमेलन’ आणि ‘गुरुदक्षिणा’. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, मात्र ‘शरीर’ हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द असल्याने ‘शरीराला’च राहते. विद्यार्थ्यांना तत्सम शब्द व इतर शब्द हा भेद जड जातो, आणि त्यात त्यांचा फार दोष नाही. जो संस्कृत शिकलाच नाही त्याने तो ओळखायचा कसा? त्यासाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ ठेवावा. शब्दयोगी अव्यय मात्र कोणालाही सांभाळता येते: ‘घरासमोर’, ‘त्याच्यासाठी’ हे जोडूनच लिहायचे, हिंदीप्रमाणे तोडून नव्हे. ‘असे’ लिहावे की ‘असं’, याबाबत औपचारिक निबंधात पहिले रूप वापरतात, संवादात दुसरे चालते. एकाच निबंधाच्या निवेदनात दोन्ही मिसळू नयेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्याच्या घरची रूपे ही चूक नव्हे. एखाद्याचे बोलणे उद्धृत करताना ती तशीच ठेवावीत.

मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ अभ्यासाला पुरेसे आहे. खर्डा झाल्यावर एक दिवस जाऊ द्यावा, मग तो मोठ्याने वाचावा. प्रयोगाची चूक डोळ्यांना दिसत नाही पण कानाला चटकन बोचते. अध्यापकांना विनंती अशी, की लाल शाई प्रथम ऱ्हस्व-दीर्घावर खर्च करू नये. आधी विद्यार्थ्याचे विधान काय ते शोधावे, मग वाक्ये पाहावीत आणि वेलांट्या सर्वांत शेवटी तपासाव्यात.