स्वर टिपले, मात्रा निसटली

वाद्यावर सुचेल ते वाजवत जावं आणि ते आपोआप कागदावर उतरावं, ही इच्छा संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७४७ साली अशा एका यंत्राचा आराखडा छापून आला. तो मांडणारे पाद्री क्रीड तोवर हयात नव्हते. त्यांचं टिपण शल्यविशारद जॉन फ्रीक यांनी सोसायटीला पाठवलं होतं. ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की सरकत्या कागदावर खूण उमटेल, असा तो विचार. मैफलीत त्या क्षणी सुचलेलं आणि त्याच क्षणी विरून जाणारं वादन त्यांना वाचवायचं होतं.

जर्मनीत योहान फ्रीडरिश उंगर यांनीही याच सुमारास असा आराखडा केला आणि १७५२ मध्ये तो बर्लिनच्या अकादमीपुढे ठेवला. यंत्र प्रत्यक्ष बनवलं ते होलफेल्ड नावाच्या कारागिराने. एका रुळावरून दुसऱ्यावर कागद सरके आणि पट्टी दाबून धरली असेल तितकी लांब रेघ उठे. कोणता स्वर आणि किती वेळ, एवढं कागदावर आलं. पण सम कुठे, मात्रा कुठे सुरू झाली, हे त्या रेघा सांगत नव्हत्या. ते माणसानेच बसून ठरवायचं.

पुढची अडीचशे वर्षं हाच पेच राहिला.

स्वर टिपण्याचं काम मात्र उत्तरोत्तर नेमकं होत गेलं. १९०४ मध्ये फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने आणलेल्या पियानोच्या कागदी गुंडाळ्यांवर ग्रीग, माहलर यांचं वादन साठवलं गेलं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरीने जोडून दाखवले गेले आणि वाद्यांना एकमेकांशी बोलू देणारं ‘मिडी’ जगापुढे आलं. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, हे सारं आता आकड्यांत मिळू लागलं.

तरीही मात्रा सापडेना. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिगुणीतला एक स्वर १६७ मिलिसेकंदांचा, चौगुणीतला १२५चा. फरक जेमतेम ४२ मिलिसेकंदांचा, आणि भावपूर्ण वाजवणारा पियानिस्ट एखादा स्वर त्याहून अधिक सहज रेंगाळवतो. ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, कारण त्याच्या मनात ठेका चालूच असतो. यंत्राच्या ‘मनात’ तो ठेका आणायचा कसा?

मिडी येण्याआधीच या प्रश्नाला गंभीरपणे भिडले होते ख्रिस्तोफर लाँगे-हिगिन्स. ते मूळचे सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ. १९७६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी असा प्रोग्रॅम मांडला, की कीबोर्डवर वाजवलेली एकेरी धून तो स्वरलिपीत लिहून दाखवी. प्रत्येक मात्रेचे दोन किंवा तीन भाग पडतात असं तो गृहीत धरी, ठरावीक मर्यादेतली चूकभूल सोडून देई आणि वादक पुढेमागे सरकला की मात्रेची लांबी बदलून घेई. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरातली, कोर आंग्ले या फुंकवाद्याची लांबलचक धूनही त्याने लिहिली. ऐकणं म्हणजे अंदाज बांधत जाणं, हे त्यांनी ओळखलं, आणि या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची समज तीच वाटते.

स्वरलिपी लिहिणाऱ्या बाजारातल्या सॉफ्टवेअरने ही समज सेटिंग्जमध्ये उतरवली. ‘सिबेलियस’च्या फ्लेक्सी-टाइममध्ये वादक लयीशी किती सैल वागणार, हे आधी निवडायचं. सर्वांत छोटा स्वर कोणता, हेही सांगायचं. फार बारीक निवडला की साधी ओळसुद्धा विरामांच्या खुणांनी आणि जोडरेघांनी भरून जाते. ‘फिनाले’ (१९८८) तर वादकाच्या पायाची मदत घेई: पेडल दाबून मात्रा द्या, बोटं मोकळी ठेवा. त्यातच आणखी एक सोय होती. आधी मनसोक्त वाजवायचं, मग तेच वादन ऐकत पट्टीवर मात्रा ठोकायच्या. त्या खुणा धरून सॉफ्टवेअर बारच्या रेघा पाडी.