वुडलाउसचा सॉस

ओली कुंडी उचलली की खाली राखाडी, खवल्याखवल्यांचे जीव पळताना दिसतात. काही जाती हात लागताच गोळी होऊन बसतात. हेच वुडलाउस. आपण त्यांना किडे म्हणतो, पण हे कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद! कुजका पाला खाऊन मातीला परत देतात आणि स्वतः कोळी, बेडूक, चिचुंद्री यांच्या पोटात जातात.

या रांगेत माणूस का नको, असं व्हिन्सेंट होल्ट नावाच्या इंग्रजाने १८८५ साली 'व्हाय नॉट ईट इन्सेक्ट्स?' या चिमुकल्या पुस्तकात विचारलं. लोणी, पीठ, दूध, मिरपूड यांच्या दाट सॉसमध्ये उकळलेले वुडलाउस. चव म्हणे कोळंबीच्या सॉसच्या तोडीची! (जवळा चाटूनपुसून खाणाऱ्यांनी नाक मुरडू नये.) श्रीमंतांचा लॉब्स्टर समुद्रतळाची घाण खातो, हे बिचारे फक्त पालापाचोळा. युक्तिवाद बिनतोड आहे.

पण त्याच्या डोळ्यांसमोर होता अर्धपोटी शेतमजूर. पीक किड्यांनी फस्त करायचं आणि राबणाऱ्याने कोरड्या पावावर राहायचं, हे त्याला खुपत होतं. तळमळ खरीच. तरी मला वाटतं, त्या मजुराला कमी पडत होती ती मजुरी, पाककृती नव्हे.