विद्यापीठ-आवारातील ये-जा व वाहनतळ

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापासून एखाद्या विभागाच्या दारापर्यंत पोहोचण्याची, तसेच वाहनाने आलेल्यांना वाहन उभे करता यावे यासाठीची आवारातील व्यवस्था. महाविद्यालय बहुधा एका कुंपणात सामावलेले असते. विद्यापीठाचे विभाग मात्र कित्येक एकरांत विखुरलेले असल्यामुळे तेथे केवळ संस्थेचा पत्ता पुरत नाही आणि प्रवासाचा सर्वांत अनिश्चित भाग प्रवेशद्वार ओलांडल्यावरच सुरू होतो. वाहतूक-नियोजनात या भागास ‘अंतिम टप्पा’ म्हणतात, म्हणजे बस वा रेल्वेतून उतरल्यानंतर मुक्कामाच्या दारापर्यंत उरलेले अंतर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंड येथील आवार हे या प्रश्नाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

हे आवार मुळात विद्यापीठासाठी आखलेले नव्हते. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी येथे निवासस्थान बांधावयास घेतले गेले आणि ते १८७१ मध्ये पुरे झाले. त्या काळी येथे येणारा पाहुणा बग्गीतून येई. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून याच निवासस्थानातून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्यांवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हाही ते दोघे आपापल्या घोडागाड्यांतच होते. १९४९ मध्ये मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू असताना विद्यापीठाचे काम सुरू झाले. पुढे विभाग, वसतिगृहे, जयकर ग्रंथालय, आयुका, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, सी-डॅक या संशोधन संस्था अशी भर पडत गेली आणि एका निवासस्थानाच्या बागबगिच्यांनी वेढलेल्या जागेत एक लहानसे गावच वसले. आवाराचे क्षेत्र ४११ एकर, म्हणजे सुमारे १६६ हेक्टर आहे. ते चौरस कल्पिले तर त्याची एकेक बाजू १.३ किमीच्या आसपास भरते, यावरून प्रवेशद्वारापासून आतल्या विभागापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे का लागतात हे ध्यानात येते. नवागत बहुधा मनोऱ्याच्या मुख्य इमारतीकडे वळतो, तर त्याला हवा असलेला विभाग अनेकदा तिच्यापासून बराच दूर असतो.

आवाराबाहेरची वाहतूक प्रामुख्याने विद्यापीठ चौकावर, म्हणजे आचार्य आनंदऋषीजी चौकावर, अवलंबून आहे. गणेशखिंड, सेनापती बापट, पाषाण, बाणेर आणि औंध या रस्त्यांची वाहतूक तेथे एकवटते. या चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किमीच्या उन्नत मेट्रो मार्गाची आखणी त्यांच्याशी जुळत नव्हती, आणि त्यांच्या जागी खाली वाहने व वर मेट्रो अशा दुमजली पुलाचे काम हाती घेण्यात आले. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे–लोणावळा लोकलची शिवाजीनगर आणि खडकी ही स्थानके सोयीची आहेत. शिवाजीनगरला १ ऑगस्ट २०२३ पासून पिंपरी-चिंचवडकडून येणारी मेट्रोही थांबते. तेथून पुढे पीएमपीएमएलची बस किंवा रिक्षा करावी लागते. रिक्षाचालकाला नुसते ‘विद्यापीठ’ सांगितले की तो बहुधा मुख्य गेटपाशी उतरवतो, म्हणून आत जावयाचे असल्यास विभागाचे नाव आधीच सांगणे बरे.

वाहनतळाचा प्रश्न हा मुळात जमिनीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी २.५ × ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ × २ मीटर जागा धरली आहे; म्हणजे एका मोटारीखालचे साडेबारा चौरस मीटर क्षेत्रफळाच्या हिशेबाने सहा दुचाकींच्या जागेएवढे भरतात. प्रत्यक्षात वळण्यासाठी व आत-बाहेर करण्यासाठी लागणारी वाट धरावीच लागते. उघड्यावरच्या वाहनतळात ती धरून एका मोटारीमागे सुमारे २३ चौरस मीटर जागा मोजण्याची रीत आहे आणि या मापाला ‘समतुल्य मोटार-जागा’ म्हणतात. शंभर मोटारींची सोय करावयाची तर सुमारे तेवीसशे चौरस मीटर जमीन, म्हणजे अर्ध्या एकराहून अधिक जागा द्यावी लागते, आणि ती दिवसातून काही तासच भरलेली असते. या आवारात अशी जागा बहुतेक वेळा झाडांच्या वाट्यातून येते. सावली पाहून वडाच्या बुंध्याशी गाड्या लावण्याची सवय वरवर निरुपद्रवी दिसत असली, तरी चाकांच्या भाराने माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पावसाचे पाणी मुरत नाही आणि मुळे गुदमरतात. ही हानी वर्षानुवर्षे दिसत नाही आणि दिसू लागते तेव्हा सहसा उशीर झालेला असतो. म्हणूनच बुंध्याभोवतीची जागा कठड्याने राखणे हा येथे शोभेचा भाग नसून वाहनतळाच्या नियोजनाचा आवश्यक भाग आहे.

अपंग व्यक्तींच्या वाहनांची राखीव जागा ही सवलत नसून २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील सुगम्यतेच्या तत्त्वातून येणारी जबाबदारी आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी जागा ३.६ मीटर रुंद आणि इमारतीच्या प्रवेशदारापासून ३० मीटरांच्या आत असावी लागते; चाकाची खुर्ची मोटारीच्या बाजूला उघडून बसता यावे, यासाठी ही जादा रुंदी असते. दुचाक्या लावून ती अडवल्यास ती असून नसल्यासारखीच होते.

अन्यत्र या प्रश्नावर निरनिराळे उपाय झाले आहेत. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ मध्ये विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना बसचा सवलतीचा पास दिला आणि त्याच वेळी वाहनतळाचे शुल्क वाढवले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात, मोफत वाहनतळाची किंमत वाहन न आणणाऱ्यांनाही चुकवावी लागते, असे साधार मांडले. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये भाडोत्री सार्वजनिक सायकलींची योजना विद्यापीठाच्या आवारात सुरू झाली, परंतु ती काही वर्षांतच बंद पडली. एक-दीड किलोमीटरच्या अंतरासाठी सायकल हे सर्वांत योग्य वाहन असूनही हे घडावे, ही खेदाची बाब आहे. पाश्चात्त्य उपाय येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण येथे मोटारींपेक्षा दुचाक्यांचे प्रमाण मोठे आहे. तरीही आधी बस व पायवाट सुधारावी आणि मगच वाहनतळ वाढवावा, हा क्रम येथेही योग्यच ठरतो.

विभागांनी आपल्या निमंत्रणपत्रात व प्रवेशसूचनेत जवळचे प्रवेशद्वार, जवळचा बसथांबा, ओळखीची इमारत आणि वाहन लावण्याची जागा या चार गोष्टी छापाव्यात; परीक्षा वा प्रवेशाच्या दिवसांत प्रथमच येणाऱ्याने दुचाकी किंवा सार्वजनिक वाहन निवडून गेटपासून विभागापर्यंत पायी जाण्यासाठी किमान वीस मिनिटे हाताशी ठेवावीत.