४४० कुठून आला? क्लिप-ट्यूनर घेण्याआधी थोडा इतिहास

गेल्या आठवड्यात एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, फील्डवर्कसाठी तंबोऱ्याला लावायचा क्लिप-ट्यूनर घ्यायचाय. कुठला घेऊ?" एका ओळीचं उत्तर देता आलं असतं. पण माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीतली तेहतीस पानं आठवली आणि मग हा लेख लिहायला घेतला.

ती तेहतीस पानं म्हणजे तंबोऱ्यांची मापं. मिरज आणि आसपास फिरून, कारखान्यात आणि गाणाऱ्यांच्या घरी, प्रत्येक तंबोऱ्याच्या खुंटीजवळ चिमटा लावून घेतलेली. स्वर अमुक, इतके सेंट वर, इतके सेंट खाली. सगळं नीटनेटकं. सात महिन्यांनी एकदा ट्यूनर हातात घेऊन सहज बघितलं तर वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ४३८ लिहिलेलं होतं. ४४० नव्हे. पिशवीत कधीतरी बटण दाबलं गेलं असणार. ४४० आणि ४३८ मध्ये जवळपास ८ सेंटचा फरक पडतो, आणि माझं अख्खं प्रकरण ५ ते १० सेंटच्या फरकांवर उभं होतं. बटण नेमकं कधी दाबलं गेलं हे कळलं असतं तर आकडे दुरुस्त करता आले असते. ते कळायला काही मार्गच नव्हता. ज्या तंबोऱ्यांचं फोनवर रेकॉर्डिंग होतं तेवढे अकरा वाचले. बाकीची पानं गेली.

गाईड रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तो ४४० आकडा कुठून आला, माहितीये का?" मला माहीत नव्हतं. ज्या आकड्याच्या आधारावर सात महिने मोजत होते, तो कुणी ठरवला हेच माहीत नव्हतं.

तर आधी तो आकडा. क्लिप-ट्यूनरचा चिमटा लाकडातली कंपनं पकडतो. आत पिझो म्हणजे दाब पडला की विद्युत निर्माण करणारा तुकडा असतो. यंत्र त्या कंपनांची वारंवारता काढतं आणि आपल्या पोटातल्या एका संदर्भस्वराशी ताडून दाखवतं. हा संदर्भस्वर म्हणजे मधल्या सप्तकातला 'ए', सेकंदाला ४४० कंपनं. यंत्राला स्वतःला सूर कळत नाही. ४४० खरा असं धरलं तर बाकीचे स्वर कुठे यायला हवेत, एवढंच त्याला कळतं.

ही संदर्भाची गरज जुनी आहे. १७११ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन शोर या वादकाने नादकाटा बनवला. तो दरबारी तुतारीवादक होता, पण ल्यूटही वाजवायचा, आणि ल्यूट जुळवायला त्याला हा काटा लागायचा. म्हणजे तंतुवाद्याच्या ट्यूनरची गोष्ट तिथूनच सुरू होते म्हणा ना. पण नादकाटा फक्त स्वतःचा सूर धरून ठेवतो. दुसऱ्या गावातला काटा तोच सूर देईल याची काहीच हमी नसते. संगीतकार हँडेलच्या नावाने जपलेला एक काटा सुमारे ४२२.५ हर्ट्झचा आहे. आजच्या ट्यूनरवर तो ७० सेंट 'बेसूर' ठरेल! एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट, त्यातले ७०.

एकोणिसाव्या शतकात युरोपातली वाद्यवृंदं सूर चढवत गेली. चढा सूर जास्त झळाळतो, पण गाणाऱ्यांचे गळे ताणले जातात. फ्रान्सने १८५८ मध्ये समिती नेमली. त्यात रोसिनी, बर्लिओझसारखे संगीतकार होते आणि लिसाजू हा भौतिकशास्त्रज्ञही. तेव्हा पॅरिसच्या ऑपेराचा 'ए' ४४८ च्या आसपास पोचला होता. १८५९ मध्ये सरकारी हुकूम निघाला: आता ४३५, आणि तोही १५ अंश सेल्सियसला.

आता इथे थोडं थांबा. मूळ फ्रेंच कागदात ४३५ हा आकडा तुम्हाला सापडणार नाही. तिथे ८७० आहे. फ्रेंच मंडळी जाणं एक आणि येणं एक अशी अर्धी कंपनं मोजत, म्हणून आकडा दुप्पट. अभिलेखागारात बसून हे माहीत नसेल तर फ्रान्सचा सूर इतरांपेक्षा एक सप्तक वर होता असा जबरदस्त 'शोध' लागू शकतो. हसू नका, आपण सगळेच अशा शोधांच्या एक पाऊल अलीकडे असतो.

तापमानाच्या कलमाचीही गंमत आहे. ते होतं नादकाट्यासाठी, कारण धातू तापला की काट्याचा सूर किंचित उतरतो. इंग्लंडमध्ये मात्र त्याचा अर्थ असा लावला गेला की गरम सभागृहात फुंकवाद्यांचा सूर चढतो, तर त्या हिशोबाने आकडाही चढवायला हवा. त्यातून १८९६ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीने ४३९ स्वीकारला. म्हणजे फ्रेंच ४३५ चाच उबदार खोलीतला अवतार.

मग ४३९ चा ४४० कसा झाला? १९३९ च्या मे महिन्यात लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकन वाद्यउद्योग १९२० च्या दशकातच ४४० कडे वळलेला होता. त्याआधीही योहान शायब्लर या रेशीम कारखानदाराने १८३४ मध्ये जर्मनीत ४४० सुचवला होता. पन्नासहून जास्त नादकाटे ओळीने लावून त्याने सूर मोजायचं साधनच तयार केलं होतं. पण १ हर्ट्झचा निकाल लागायला आणखी एक कारण होतं, तांत्रिक आणि माझं सगळ्यात लाडकं. बीबीसीला रेडिओवरून प्रमाण सूर ऐकवायचा होता, आणि तो क्वार्ट्झच्या स्फटिकातून काढायचा होता. स्फटिक सेकंदाला दहा लाख कंपनं देतो. त्याला १००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा. आले ४४०. ४३९ मात्र मूळ संख्या! तिचे असे लहान तुकडे पडत नाहीत, त्या काळच्या सर्किटला ते जमणारं नव्हतं. १९५५ मध्ये आयएसओने ४४० ची शिफारस केली आणि १९७५ मध्ये ते आयएसओ १६ या नावाचं मानक झालं. तो स्फटिकही पिझो जातीचाच, म्हणजे आपल्या चिमट्यातल्या तुकड्याचा नातेवाईक.

(व्हॉट्सअ‍ॅपवर ४४० हा नाझींचा कट आणि ४३२ हा विश्वाचा सूर असं फिरत असतं. १८३४ आणि १९२० चं दशक ही दोन सालं त्या फॉरवर्डला पुरेशी आहेत.)

दुसरी गोष्ट, सेंट. काटा मध्यापासून डावी-उजवीकडे ५० घरं सरकतो, ते एकक अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाचं. १८८५ च्या निबंधात त्याने सप्तकाचे १२०० समान भाग करून वेगवेगळ्या देशांची स्वरसप्तकं मोजली, त्यात भारतीय सतारही होती. त्याचा स्वतःचा कान बेताचाच. त्या बाबतीत पियानोतला जाणकार हिपकिन्स त्याच्या मदतीला असे. निष्कर्ष मात्र धाडसी होता: निसर्गाने दिलेलं एकच एक सप्तक असं काही नाही, माणसांनी ती वेगवेगळी घडवलीत. आणि गंमत बघा, हे सांगण्यासाठी त्याने जी पट्टी बनवली तिचं प्रत्येक शंभरावं घर पियानोच्या स्वरावर येतं. आज आपल्या हातातलं यंत्र ती पट्टी दाखवतं, निष्कर्ष दाखवत नाही.

याचा परिणाम तंबोऱ्यावर लगेच दिसतो. चांगला लागलेला तंबोरा ऐकताना खर्जातून आपोआप गंधार उमटतो, हे गाणाऱ्यांना सांगायला नको. तो खर्जाच्या पाचव्या पटीतला स्वर. मोजला तर षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. ट्यूनरच्या हिशोबात गंधाराची जागा ४०० वर. म्हणजे तंबोरा जितका सुरेल, तितका ट्यूनर म्हणणार १४ सेंट कमी. पंचमाचं तितकं बिघडत नाही, ७०२ आणि ७००, दोनच सेंट.

हा पेच आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी येऊन गेलाय. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची गुणोत्तरं काढली. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं त्या प्रयोगांत कामी आलं. १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. पुढे ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियमही झाली आणि १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिच्यावरून चांगलंच वाजलं. भातखंड्यांना ही श्रुतींची गणितं पटली नव्हती. १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी यंत्राने मापं घेतली, तेव्हा एकच स्वर कलाकारागणिक आणि एकाच मैफिलीतही हलताना दिसला. मला देवल चुकले असं म्हणवत नाही. हाताशी तार आणि पट्टी एवढंच असताना त्यांनी निदान आपलं माप कशावर उभं आहे ते छापून ठेवलं. माझ्या तेहतीस पानांवर ते नव्हतं.

आता ज्युनियरचा प्रश्न. संदर्भस्वराचा आकडा पडद्यावर कायम दिसेल असाच ट्यूनर घे. बऱ्याच ट्यूनरमध्ये तो ४३० ते ४५० च्या दरम्यान बदलता येतो. काही यंत्रं बंद केल्यावर तो विसरतात, काही लक्षात ठेवतात. तुझं कुठल्या जातीचं ते पहिल्याच दिवशी तपास. फक्त गिटारच्या सहा तारा ओळखणारं घेऊ नकोस, बाराही स्वर दाखवणारं घे. साध्या ट्यूनरवर ±१ सेंट लिहिलेलं असतं, महागडे स्ट्रोब जातीचे ±०.१ पर्यंत सांगतात. तंबोऱ्यासाठी त्या दशांशाला जास्त पैसे घालू नकोस. तार छेडल्या क्षणी सूर किंचित चढा असतो, मग बसतो. कितव्या सेकंदाला वाचलं हे लिहिलं नाहीस तर दशांशाला काही अर्थ नाही. आणि जवारी उघडी असेल तर वरचे स्वर इतके बोलतात की खर्ज छेडला तरी यंत्र मधूनच पंचम दाखवतं. गोंधळू नकोस, दुसऱ्या तारा हाताने दाबून पुन्हा घे.

प्रत्येक वाचनाआधी पडद्याचा फोटो, प्रत्येक तारेचं दहा सेकंद रेकॉर्डिंग. वहीत पाच रकाने: संदर्भ आकडा, वेळ, चिमटा कुठे लावला, खोली गरम की गार, आणि वाजवणाऱ्याने स्वतःची पट्टी काय सांगितली. हा शेवटचा रकाना गाळू नकोस. 'काळी दोन' हे उत्तर त्यांच्या घरातल्या पेटीवरून येतं, आणि ती पेटी ४४० ला असेलच असं नाही. पेटी समोर असेल तर तिचाही स्वर मोजून ठेव.

दुसऱ्या वर्षी मी त्याच कारखान्यात परत गेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे आता तिथे माझ्यासारखे बरेच येतात. चाचांनी ट्यूनरकडे बघितलं. "हे सा सांगतं का?" मी म्हटलं, "नाही चाचा, ते 'ए' सांगतं." त्यांनी जोडाची तार छेडली, मणी केसभर खाली सरकवला, कान भोपळ्याजवळ नेला. काटा मध्यापासून अकरा घरं डावीकडे होता. "लागला," ते म्हणाले. मी अकरा लिहिलं, शेजारी ४४० लिहिलं, आणि वेळ टाकली.