‘कळ्यांचे निःश्वास’ : वाद आणि गुणदोष

विभावरी शिरूरकर या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां सुशिक्षित घरांत पुस्तकाइतकीच त्या नांवाचीहि चर्चा झाली. घोडनदीकांठचें शिरूर जुन्नर तालुक्यांतील डिंगोऱ्याकडच्या वाचकासहि परकें नाहीं. पण ही शिरूरकर कोण, याचा थांग लागेना. पुढें उलगडा झाला. लेखिका म्हणजे बाळूताई खरे, विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१).

हिंदु व्यवहारधर्मशास्त्रावरील ग्रंथास ज्यांनीं आपलें खरें नांव दिलें, त्यांनींच कथांसाठीं मात्र पडदा घेतला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. स्त्रीच्या हक्कांची चर्चा कायद्याच्या भाषेंत समाजास चालत होती. तिच्या मनांतील ओढ, संताप आणि एकटेपणा तिच्याच तोंडून ऐकणें चालत नव्हतें.

वास्तविक ही परिस्थिति समाजानेंच निर्माण केली होती. कर्व्यांचा आश्रम १८९६ सालीं निघाला, महिला विद्यापीठ १९१६ सालीं. बाळूताई याच परंपरेंत शिकल्या. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें. मध्यम वर्गांत विवाह त्याहूनहि लांबले, मुली पदवीधर झाल्या, कांहीं मिळवूं लागल्या. शिक्षण आणि विवाह यांच्यामधील या नव्या काळांत मुलीनें कसें जगावें, याचें उत्तर कोणत्याच रूढीजवळ नव्हतें. जिच्या पगारावर घर चालतें, तिचें लग्न घरालाच परवडेनासें होतें. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचें नांवच हा पेंच बोलून दाखवितें.

सर्व कथा एका तोलाच्या आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. कांहीं ठिकाणीं पात्र बाजूस राहतें आणि लेखिकाच वकिली करूं लागते. कोठें भावनेचा पूर कथेचा बांध फोडतो. परंतु जेथें त्या घरांतील साध्या व्यवहारावर नजर ठेवतात, तेथें त्यांचें लेखन मनास चटका लावतें. नीतीच्या नांवानें जी ओरड झाली तिनें या दोन्ही गोष्टी झांकल्या. निंदकांनीं गुण पाहिले नाहींत आणि कैवाऱ्यांना दोष दाखविण्याची सोय राहिली नाहीं. लेखिकेचें खरें नुकसान झालें तें हें.

तरी त्या थांबल्या नाहींत. १९३४ सालीं ‘हिंदोळ्यावर’ आली. सरकारनें ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतींत त्यांनीं अधिकारी म्हणून काम केलें आणि त्या अनुभवांतून १९५० सालीं ‘बळी’ लिहिली. तीमध्यें वकिली मागें पडते, तारेच्या कुंपणाआडचीं माणसें स्वतःच बोलतात. पहिल्या पुस्तकाचे दोष शिकाऊ हाताचे होते, हें यावरून दिसतें. नव्वद वर्षांनंतर तो संग्रह वाचतांना अश्लीलतेची शंका कोणास येणार नाहीं. मिळवत्या मुलीच्या पगाराचा हिशेब मात्र पुष्कळ घरांत अजून तसाच अवघड आहे.