वारणेचा तह : तिघांच्या डावातील दोन गाद्या

मराठ्यांच्या इतिहासातील १७०७ ते १७३१ हा कालखंड सामान्यतः 'भाऊबंदकीचा काळ' म्हणून ओळखला जातो. सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांमधील संघर्षाचे वर्णन करताना आपल्या पाठ्यपुस्तकांनी हा शब्द इतक्या सहजतेने वापरला आहे की, त्याची तपासणी करण्याची आवश्यकता कोणास फारशी वाटलेली नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र अशा रुळलेल्या शब्दांविषयी थोडा संशय बाळगावाच लागतो. 'भाऊबंदकी' हा शब्द घटनेचे वर्णन करीत नाही. तो निवाडा करतो. दोन दायाद क्षुल्लक स्वार्थासाठी भांडले, तिसऱ्याने लाभ घेतला आणि अखेर थोरल्या पातीच्या चुलतभावाने धाकट्याला क्षमा करून काही मुलूख तोडून दिला, असे चित्र या एका शब्दातून उभे राहते. या चित्रात कोल्हापूरच्या वाट्याला येते ती केवळ अविवेकाची भूमिका. प्रस्तुत लेखाचा हेतू कोल्हापूरची वकिली करण्याचा नाही. या चोवीस वर्षांचे राजकारण घरगुती कलहापेक्षा अनेकपक्षीय मुत्सद्देगिरीच्या नियमांनी अधिक उलगडते, आणि १३ एप्रिल १७३१ चा वारणेचा तह हा त्याच मुत्सद्देगिरीचा परिपाक होता, एवढेच दाखवावयाचे आहे.

प्रथम खेळाच्या दृष्टांताने मुद्दा स्पष्ट करू. बुद्धिबळ हा दोघांचा खेळ. त्यात एकाची हानी तोच दुसऱ्याचा लाभ. गंजिफांचा डाव मात्र परंपरेने तिघांत रंगतो, आणि तिघे बसले की प्रत्येकास दोन प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब एकाच वेळी ठेवावा लागतो. अमेरिकेत १९५९ साली ॲलन कॅलहॅमर यांनी 'डिप्लोमसी' नावाचा पटावरील युद्धखेळ प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातील सात सत्ता त्यात परस्परांशी मसलती करतात. नंतर प्रत्येकजण आपल्या हालचाली गुप्तपणे लिहितो व त्या एकदम उघड होतात. मसलतीत दिलेले कोणतेही वचन खेळाच्या नियमाने बंधनकारक नाही. हल्ली आपले विद्यार्थी संगणकावर जे ऐतिहासिक युद्धखेळ खेळतात, त्यांपैकी अनेकांचे मर्म हेच आहे. तेथे दुर्बल खेळाडू प्रबळ शेजाऱ्याविरुद्ध तिसऱ्याकडे जातो, तेव्हा त्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही. त्याने तसे केले नाही तरच आश्चर्य वाटते. इतिहासातील माणसे अर्थातच सोंगट्या नव्हेत. परंतु जो न्याय आपण खेळाडूला देतो, तो संभाजी छत्रपतींना का नाकारावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता घटनाक्रम पाहू. राजाराम महाराजांचे मार्च १७०० मध्ये सिंहगडावर निधन झाले. ताराबाईंनी आपला अल्पवयीन पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला व मोगलांनी शाहूंना मुक्त केले. ही मुक्तता म्हणजे मोगलांचाच पहिला डाव होता. राज्यात दोन वारस उभे राहिले की राज्य आपोआप दुभंगेल, ही त्यामागील अटकळ होती. ताराबाईंनी शाहूंचा हक्क दोन प्रकारे नाकारला. एक, आलेला पुरुष खरा शाहू नसून तोतया आहे. दुसरे, शिवछत्रपतींचे राज्य संभाजीराजांच्या कारकीर्दीअखेर गेले व जे उरले ते राजारामांनी नव्याने मिळविले. यांतील पहिला आक्षेप लवकरच निकालात निघाला. दुसरा मात्र राज्यशास्त्राच्या दृष्टीने गंभीर आहे. राज्य वारशाने मिळते की पराक्रमाने, हा वाद केवळ भावाभावांचा नव्हे.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेड येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर आली, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंस मिळाले. लढाईचा निकाल तलवारीने लागला त्यापेक्षा या पक्षांतराने अधिक लागला. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करविला. ताराबाईंनी पन्हाळा ही आपली राजधानी केली. येथून पुढे जे घडले त्याची सूत्रे दोन छत्रपतींच्या हाती जेवढी होती, तेवढीच सरदारांच्याही हाती होती. धनाजींचे पुत्र चंद्रसेन जाधव यांचे बाळाजी विश्वनाथांशी वितुष्ट आले. ते १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे आणि पुढे निजामाकडे गेले. उलट कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षाचे होते. त्यांनी शाहूंच्या पेशव्यास, बहिरोपंत पिंगळे यांस, कैद केले. परंतु नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेल्या बाळाजी विश्वनाथांनी वाटाघाटींनी त्यांना शाहूंच्या बाजूस वळविले आणि सरखेलीसह त्यांचे स्थान मान्य केले. सारांश, चाकर हाच या डावातील खरा हुकूम होता. ज्याला आपल्या धन्याकडे मन मानत नसे, त्याला नदीपलीकडे दुसरा धनी तयारच असे. तोही छत्रपतीच, तोही शिवाजीचाच नातू. पक्षांतराला त्यामुळे स्वराज्यद्रोहाचा डागही लागत नसे.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर राज्यक्रांती होऊन राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले. ताराबाई व त्यांचा पुत्र कैदेत पडले. म्हणजे कोल्हापूरचा पक्षही एकसंध नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले 'आज्ञापत्र' हे इ. स. १७१५ च्या सुमाराचे. राज्यनीतीचा इतका प्रगल्भ ग्रंथ ज्या दरबाराच्या छायेत सिद्ध झाला, त्या दरबाराला केवळ हट्टी दायादाचा वाडा समजणे कठीण आहे.

तिसरा पक्ष यानंतर पूर्ण सामर्थ्यानिशी पटावर आला. निजामउल्मुल्कने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दक्षिणेत आपली सत्ता वस्तुतः स्वतंत्र केली. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी शाहूंना १७१९ च्या सनदांनी मिळाली होती. ती नाकारण्यासाठी निजामाने जी युक्ती योजिली, ती अभ्यसनीय आहे. त्याने चौथाईचा हक्क अमान्य केला नाही. हक्कदार कोण, एवढेच विचारले. छत्रपती दोन आहेत, तेव्हा खरा कोण याचा निर्णय होईपर्यंत रक्कम कोणासही देता येत नाही, आणि बादशहाचा प्रतिनिधी या नात्याने निर्णय आपण करू, अशी त्याची भूमिका होती.

मराठीत 'तिऱ्हाईत' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. वादातील तिसरा मनुष्य, ज्याचा कोणत्याच बाजूशी संबंध नाही आणि म्हणून जो निवाडा करू शकतो, तो तिऱ्हाईत. निजामाने तिऱ्हाइताचा वेष घेतला; प्रत्यक्षात तो वाटेकरी होता. शाहूंच्या दरबारातही या प्रश्नावर एकमत नव्हते. प्रतिनिधींचा कल निजामाशी तडजोडीकडे होता, तर बाजीराव पेशव्यांचा विरोधाकडे. संभाजी निजामाच्या छावणीत गेले ते या वेळी. त्यांच्यापुढील पर्याय पाहावेत. शाहूंकडे पेशवा, प्रतिनिधी, आंग्रे आणि दिल्लीच्या सनदा होत्या. पन्हाळ्याकडे हक्काचा दावा व थोडे सरदार. प्रबळाशी एकट्याने लढणे अशक्य आणि शरण जाणे म्हणजे गादी सोडणे. उरला तिसरा. मात्र या चालीत एक दोष होता, आणि तो नैतिक नसून व्यावहारिक होता : निजामाला संभाजींचा विजय नको होता, त्याला वाद जिवंत हवा होता. एक छत्रपती निर्विवाद ठरला असता तर चौथाई देण्याचे टाळावयास सबब उरली नसती.

निजामाने १७२७-२८ मध्ये पुण्यापर्यंत मुसंडी मारून संभाजींस तेथे ठेवले. बाजीरावांनी समोरासमोरचे युद्ध टाळले, वऱ्हाड-खानदेश-गुजरात या बाजूंनी फिरून निजामाला आपल्या मागे ओढले, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ त्याची पाण्याची व रसदेची कोंडी केली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाने शाहूंचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले. संभाजींना बाजीरावांच्या हवाली करण्याचे मात्र नाकारून त्यांना पन्हाळ्यास पोहोचते करण्याचे ठरले. तिऱ्हाइताने आपला अशील सोडला. १७३० मध्ये श्रीपतराव प्रतिनिधींनी वारणाकाठी संभाजी व उदाजी चव्हाण यांच्या छावणीचा मोड केला. संभाजी पन्हाळ्यास निसटले, परंतु राजपरिवारातील स्त्रिया शाहूंच्या हाती लागल्या. शाहूंनी त्यांना सन्मानाने वागविले. ताराबाईंनी मात्र पन्हाळ्यास परतण्यापेक्षा साताऱ्यास राहणे पत्करले.

फेब्रुवारी १७३१ मध्ये कराडजवळ जखिणवाडी येथे दोन्ही छत्रपतींची भेट झाली. या भेटीचे वर्णन बहुधा बंधुभेट म्हणून केले जाते. परंतु दिनांक जुळवून पाहिले तर दुसरी बाजू दिसते. साताऱ्याचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचे या सुमारास निजामाशी संधान होते. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणांगणावर बाजीरावांशी लढताना ते पडले, आणि अवघ्या बारा दिवसांनी वारणेचा तह झाला. निजामाच्या हाती जाऊ शकतील अशी साताऱ्याची दोन दारे होती. एक सेनापतीचे, दुसरे कोल्हापूरचे. पहिले लढाईने बंद झाले, दुसरे तहाने.

तहाची कलमे वाचताना दोन भाषा कानी येतात. पहिली वाटणीची. वारणा-कृष्णा संगमापासून दक्षिणेस कृष्णा-तुंगभद्रा संगमापर्यंतची ठाणी व किल्ले संभाजींकडे. कोकणात साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा प्रदेशही त्यांच्याकडे. रत्नागिरीच्या बदल्यात कोपळ. मिरज, तासगाव, अथणी आदी ठाणी साताऱ्याकडे. आणि तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे मिळेल त्यात निम्मे-निम्मे. ही भाषा कोणत्याही गावच्या वाटणीपत्राची आहे. दुसरी भाषा राज्या-राज्यांतील व्यवहाराची आहे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू मानावा व राज्यवृद्धी उभयतांनी करावी, हे एक कलम. एका दरबारातून निघालेल्या चाकराला दुसऱ्या दरबाराने आश्रय देऊ नये, हे दुसरे. माझ्या मते तहाचा प्राण या दोन कलमांत आहे. पहिल्याने तिऱ्हाइताचा शिरकाव बंद केला. दुसऱ्याने चोवीस वर्षे वाहत असलेली पक्षांतराची वाट अडविली. मुलुखाची वाटणी बदलता येते. परंतु चंद्रसेन किंवा आंग्रे यांच्यासारखा एक सरदार हलला की सारा पट हलतो, हे दोन्ही बाजूंनी अनुभवाने ओळखले होते.

याच काळाच्या राजकारणाने मराठीला दिलेले शब्दही हेच सांगतात. 'मुत्सद्दी' म्हणजे मुळात कारकुनी कामकाज पाहणारा अधिकारी; मराठीत तो राजकारणकुशल पुरुष झाला. 'वकील' म्हणजे दरबाराचा प्रतिनिधी. आज तो न्यायालयात उभा राहतो. ज्या समाजाने लेखणीच्या कामगाराला राजकारणाचा सूत्रधार म्हटले, त्याला आपले वाद केवळ तलवारीने किंवा केवळ नात्याने सुटत नाहीत, याची जाण होती. 'भाऊबंदकी' या एका शब्दाखाली ही सारी शब्दसंपत्ती झाकली जाते, हे आपले नुकसान आहे.

एक आक्षेप येथे संभवतो. तह इतका विचारपूर्वक होता, तर तो टिकला का? शाहूंच्या हयातीत, म्हणजे डिसेंबर १७४९ पर्यंत, तो सामान्यतः टिकला. दोन्ही छत्रपतींमध्ये पुन्हा मोठे युद्ध झाले नाही. त्यानंतर साताऱ्याची सत्ता पेशव्यांकडे गेली आणि कोल्हापूर पेशव्यांच्या विरोधकांशी, पुढे हैदर अलीशीही, जोडले गेले. यास तहभंग म्हणणे सोपे आहे. परंतु तह दोन छत्रपतींमध्ये होता. त्यांपैकी एकाचे सामर्थ्यच तिसऱ्या हाती गेल्यावर दुसऱ्याने नव्याने हिशेब मांडला, यात विसंगती नाही. खेळाडू बदलला की जुने वचन कोणाशी पाळावयाचे, हा प्रश्न खेळातही अवघड असतो.

कोल्हापुराहून कराडकडे जाताना किणीच्या पुढे वारणेचा पूल लागतो. आजही नदीच्या अलीकडे कोल्हापूर जिल्हा व पलीकडे सांगली जिल्हा आहे. भाऊबंदकीत भिंत घातली जाते. येथे सरहद्द आखली गेली, आणि सरहद्द आखण्यासाठी पलीकडच्याचे अस्तित्व प्रथम मान्य करावे लागते. १७०७ मध्ये कोणत्याच पक्षाने जे मान्य केले नव्हते, ते १७३१ मध्ये दोघांनी लिहून दिले. या कालखंडाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढील संशोधनाचा आरंभ या मान्यतेपासून करावा, अशी विनंती आहे.