विंडो एसीखाली अँगल का लावतात? आणि तो बसवताना नक्की काय बघायचं?

ऑगस्ट २०२४ मधला तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. दिल्लीच्या करोल बाग भागात स्कूटरवर बसून एक तरुण मित्राशी गप्पा मारत होता. अचानक वरच्या मजल्यावरून एसीचं आउटडोअर युनिट थेट त्यांच्या अंगावर कोसळलं. तो तरुण गेला, मित्र जखमी झाला. सीसीटीव्हीत सगळं काही सेकंदांत संपलेलं दिसतं.

तेव्हापासून एखाद्या इमारतीखालून जाताना मान आपोआप वर जाते. पण आपल्या स्वतःच्या खिडकीबाहेर जो एसी लटकतोय, त्याच्याखाली काय आहे हे किती जणांनी वाकून बघितलंय?

स्प्लिट एसीचा जमाना असला तरी भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जुन्या ऑफिसांत, सरकारी क्वार्टर्समध्ये विंडो एसी अजून भरपूर आहेत. दीड टनाच्या विंडो एसीचं वजन साधारण ५० किलोच्या आसपास असतं, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीइतकं. आणि हे वजन सगळीकडे सारखं विभागलेलं नसतं. घरातल्या बाजूला पंखा, जाळी, बटणं अशा हलक्या वस्तू असतात. कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर हा जड ऐवज मागे, म्हणजे भिंतीबाहेर लटकणाऱ्या भागात असतो.

बरं, एसी आत ओढून बसवावा म्हटलं तर तेही चालत नाही. त्याच्या बॉडीच्या दोन्ही बाजूंना ज्या झिरी असतात, त्यातून तो बाहेरची हवा ओढतो. त्या झिरी भिंतीत दडल्या की एसी गुदमरतो, थंडावा कमी होतो आणि बिल वाढतं. म्हणून एसीचा मोठा भाग बाहेर काढावाच लागतो. तो मागे झुकू नये म्हणून खालून जो लोखंडी त्रिकोणी आधार देतात, तो म्हणजे ब्रॅकेट. मेकॅनिक त्याला 'अँगल' नाहीतर 'स्टँड' म्हणतो.

अँगल तुटत नाही, तो उपटला जातो

बहुतेक लोक दुकानात जाऊन अँगल किती जाड आहे ते बघतात. ते बघावंच, पण खरा प्रश्न अँगलच्या लोखंडाचा नसतो, तो भिंतीत घुसलेल्या बोल्टचा असतो.

हा त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. एक पाय भिंतीला टेकलेला, एक पाय आडवा बाहेर आलेला आणि दोघांना जोडणारी तिरकी पट्टी. आडव्या पायावर वजन आलं की तो खाली जायला बघतो. त्यामुळे त्रिकोणाचं खालचं टोक भिंतीत दाबलं जातं आणि वरचा बोल्ट भिंतीतून बाहेर ओढला जातो.

किती जोराने? समजा ५० किलोचा सगळा भार भिंतीपासून ३० सेंटीमीटर बाहेर आहे आणि अँगलचा उभा पायही ३० सेंटीमीटर आहे. तर वरच्या बोल्टवर ५० किलोची ओढ येते. दोन अँगल असतील तर ती दोघांत वाटली जाते. पण उभा पाय फक्त १५ सेंटीमीटरचा घेतला, तर तीच ओढ १०० किलो होते. एसी तोच, भिंत तीच, फक्त अँगल बुटका.

म्हणून आडवा पाय लांब आणि उभा पाय तोकडा असलेला, तिरकी पट्टीच नसलेला स्वस्त अँगल घेऊ नका. दिसायला सुटसुटीत असतो, पण सगळा ताण बोल्टवर ढकलतो.

आता खरी गंमत. सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक अनेकदा त्याच अँगलवर नाहीतर एसीच्या टपावर पाय देतो. ७० किलोचा माणूस भिंतीपासून अर्धा मीटर बाहेर उभा राहिला, तर आपल्या ३० सेंटीमीटरवाल्या अँगलवर ती ओढ ५० वरून १६७ किलोवर जाते. अँगल एसीसाठी असतो, माणसासाठी नाही. मेकॅनिक तिथे पाय ठेवत असेल तर त्याला थांबवा. 'रोजचंच आहे साहेब' असं तो म्हणेल. तरीही थांबवा.

भिंत कसली आहे?

बोल्ट कितीही चांगला असला तरी तो ज्यात रुतलाय ते भुसभुशीत असेल तर काय उपयोग? काँक्रीटचा बीम किंवा कॉलम मिळाला तर उत्तम. आत गेल्यावर फुलणारा अँकर फास्टनर तिथे घट्ट बसतो.

जुन्या विटांच्या भिंतीत मात्र हाच फास्टनर फुलताना वीट फोडू शकतो. दोन विटांमधल्या सांध्यात किंवा खिडकीच्या अगदी कडेला भोक पाडलं तर धोका आणखी वाढतो. वीट भरीव असेल तर तिच्या मधोमध भोक घ्यावं.

नव्या इमारतींत बऱ्याचदा हलके, पांढरट राखाडी ब्लॉक असतात, ज्यांना बांधकामावर 'सिपोरेक्स' म्हणतात. ड्रिल मारताना लोण्यात सुरी जावी तसं बिट आत गेलं आणि पांढरी पूड पडली, तर समजा हाच तो. यात साधा फास्टनर वापरणं म्हणजे थर्माकोलमध्ये खिळा ठोकण्यासारखं. इथे बोल्ट भिंतीतून आरपार न्यावा आणि घरातल्या बाजूने लोखंडी पट्टी लावून नट आवळावा. आतून पट्टी दिसते, इंटिरिअरवाले नाक मुरडतात, पण भार अख्ख्या भिंतीवर पसरतो. दुसरा मार्ग म्हणजे भोकात रसायन भरून रॉड पक्का करणं, ज्याला केमिकल अँकर म्हणतात. तो सुकायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्यावाच लागतो. 'अर्ध्या तासात एसी चालू करतो' म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

आणखी एक घोळ प्लॅस्टरचा. बाहेरचं प्लॅस्टर दोन-अडीच सेंटीमीटर जाड असू शकतं आणि त्याला ताकद नसते. त्यामुळे बोल्टची लांबी प्लॅस्टर सोडून मोजायची.

काही ठिकाणी तर अँगलच नसतो. एसी सरळ बॉक्स ग्रिलवर ठेवलेला, नाहीतर ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीच्या पट्टीवर टेकवलेला. ग्रिल कुंड्यांसाठीही नीट बांधलेली नसते, तिथे हलणारं, थरथरणारं ५० किलोचं यंत्र? ॲल्युमिनियमची पट्टी काच धरायला असते. खिडकीचा कडप्पाही भोक पाडलं की तडकतो. आणि खालच्या मजल्याचा छज्जा आयता मिळाला म्हणून त्यावर एसी टेकवू नका. जुन्या छज्ज्यांतली सळई गंजून सिमेंटचे पोपडे पडतात, हे आपण रोज बघतो.

रील्समध्ये दिसणारं 'भिंतीला भोक न पाडता बसणारं' ब्रॅकेटही इथेच निकालात काढू. ते मुळात अमेरिकेतल्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांसाठी आहे. ते खिडकीच्या चौकटीत अडकतं आणि त्याचा पाय बाहेरच्या भिंतीला रेटून उभा राहतो. आपल्या आडव्या सरकणाऱ्या खिडकीत त्याला तसा आधारच मिळत नाही. शिवाय त्यातली हलकी मॉडेल्स ८० पौंडांपर्यंतच, म्हणजे जेमतेम ३६ किलोंची असतात. आपला दीड टनाचा एसी तिथेच नापास.

प्रत्यक्ष काम

आधी सोसायटीला विचारा. बाहेरची भिंत सगळ्यांची असते, आणि उद्या काही पडलं तर पहिला प्रश्न 'परवानगी होती का?' हाच येतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

दोन्ही अँगल एका पातळीत हवेत, म्हणून लेव्हल लावून खुणा करायच्या. भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून काढायची. धुळीवर फुललेला फास्टनर नंतर सैल पडतो. आवळताना बोल्ट जागच्या जागी गरगर फिरला, तर ते भोक वाया गेलं. त्यात लाकडाची खुंटी मारून वेळ मारून नेतात, ते अजिबात चालवून घेऊ नका. थोड्या अंतरावर नवीन भोक घ्यायला लावा.

एसी मागच्या बाजूला किंचित उतरता बसतो, म्हणजे पाणी घरात न येता बाहेर जातं. उतार किती ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढाच द्यायचा. अँगल आणि एसीमध्ये जाड रबर ठेवलं की थरथर आणि आवाज दोन्ही कमी होतात. बॉडीला वाटेल तिथे स्क्रू मारू नका, आतल्या कॉइलला भोक पडलं तर सगळा गॅस जाईल. दिलेल्या भोकांतूनच एसी चौकटीला पक्का करायचा.

बऱ्याच विंडो एसींची मशीन बॉडीतून पुढे सरकून बाहेर येते. तशी असेल तर आधी रिकामी बॉडी चौकटीत आणि अँगलवर पक्की करून मग मशीन आतून ढकलायची. अख्खा एसी खिडकीत तोलत बसण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. तरी दोन माणसं हवीतच, आणि काम चालू असेपर्यंत खाली कोणाला उभं राहू देऊ नका.

तळमजला सोडला तर बाहेरचं काम स्वतः करायला जाऊ नका. आणि ज्याला बोलावलंय तो सेफ्टी बेल्ट आणि दोरीशिवाय छज्ज्यावर उतरत असेल, तर काम थांबवून बेल्ट घेऊन यायला सांगा. या घाईत पडणाऱ्या वस्तूंत नेहमी एसीच असतो असं नाही.

मुंबई-कोकणात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा. नुसत्या पावडर कोटिंगवर एक ओरखडा आला की तिथून गंज आत शिरतो आणि वरून रंग छान दिसत राहतो. जस्ताचा जाड थर दिलेला अँगल आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थोडे महाग पडतात, टिकतात मात्र खूप. दर पावसाळ्यानंतर बोल्टच्या खाली भिंतीवर तपकिरी ओघळ दिसतोय का, प्लॅस्टरला चीर गेलीय का, एसीची थरथर वाढलीय का, ते बघा. यातलं काहीही दिसलं तर एसी बंद करून आधी अँगल तपासून घ्या.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आणखी एक. आधीचा भाडेकरू एसी घेऊन जातो, अँगल तिथेच राहतो, आणि नवीन एसी 'आयता स्टँड आहे' म्हणून त्यावरच चढतो. तो किती वर्षं पावसात भिजलाय ते कोणालाच ठाऊक नसतं. असा अँगल काढून नवीन बसवा, आणि जुनी भोकं पुन्हा वापरू नका.